पन्नास तास आणि दोन दीडशहाणे

मला फक्त पन्नास तास हवे होते. मशीन चालू ठेवायचं, त्याला कुणी हात लावायचा नाही आणि पन्नास तास थांबायचं. यात न समजण्यासारखं काय आहे, ते मला अजून कळलेलं नाही. पण आमच्या घरात एखादी गोष्ट नीट चाललेली असली की लोकांच्या हाताला खाज सुटते.

आधी कामाचं सांगते. मी इमारतींच्या फिल्म करते. इमारत अजून कागदावरच असते, आणि मी ती कॉम्प्युटरवर अशी उभी करते की बघणाऱ्याला वाटावं, आपण आतून चालत चाललोय. दहा वर्षं मी हे साहेबांच्या ऑफिसात केलं. प्रत्येक फिल्मच्या शेवटी कोपऱ्यात नाव यायचं ते ऑफिसचं. एकदा, दहा वर्षांत फक्त एकदा, मी विचारलं होतं, "साहेब, खाली बारीक अक्षरात माझंही टाकू का?" साहेब हसले. म्हणाले, "अहो, स्वयंपाक करणारी बाई ताटावर सही करते का?" सगळं ऑफिस हसलं. मीही हसले, याचा मला आजही राग येतो.

दोन महिन्यांपूर्वी मी नोकरी सोडली. निघताना साहेब म्हणाले, "तुमची खुर्ची रिकामी ठेवतो. राग उतरला की या." मी मनात म्हटलं, बसा वाट बघत.

स्वतःचं पहिलं काम मिळालं ते वाचनालयाचं. त्यांची नवी इमारत होणार आहे. सोमवारी अकरा वाजता त्यांच्या समितीला चार मिनिटांची फिल्म दाखवायची. पसंत पडली तर इमारत पूर्ण होईपर्यंतचं, म्हणजे वर्षभराचं काम माझं. नाही पडली तर ती रिकामी खुर्ची आहेच.

फिल्म तयार होती, फक्त शेवटच्या दृश्यातली माणसं बसवायची राहिली होती, आणि मशीन तिथवर पोचायला दोन दिवस होते. आता मशीनने एकेक चित्र, म्हणजे एकेक फ्रेम रंगवून बाहेर काढायची, याला आम्ही रेंडर म्हणतो. शुक्रवारी सकाळी नऊ वाजता मी बटण दाबलं. पडद्यावर आकडा आला, पन्नास तास. म्हणजे रविवारी अकराला काम संपणार आणि वर एक अख्खा दिवस शिल्लक. असा हिशोब माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच जमला होता.

मागून नवऱ्याचा आवाज आला, "अगं, पन्नास तास?"

माझा नवरा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवतो. सगळे त्याला मास्तर म्हणतात. त्याच्या गाडीत त्याच्या पायाशी वेगळा ब्रेक आहे. दिवसभर हा माणूस "हळू, हळू, अहो हळू" एवढंच बोलतो आणि घरी आला की त्याला सगळं सुसाट हवं असतं. मिक्सर, पंखा, मी.

"हे दुकानातले तयार कॉम्प्युटर म्हणजे डबे, ते असेच असतात," मास्तर म्हणाला. "कंपनी मुद्दाम दाबून ठेवते. आतला प्रोसेसर याहून कितीतरी पळू शकतो. ओव्हरक्लॉक करायचा, बस. ठरवून दिलेल्या वेगाच्या वर न्यायचा. मी तीन व्हिडिओ बघितलेत."

"तीन?"

"एक अर्धा."

"हात लावायचा नाही," मी म्हटलं. "ऐकलंस? माझ्याकडे बघून सांग. हात. लावायचा. नाही."

"बरं बाई," तो म्हणाला, आणि मी विश्वास ठेवला. लग्नाला चौदा वर्षं झाली तरी मी विश्वास ठेवते, काय म्हणावं मला!

मला जुन्या वाचनालयात जायचं होतं. फिल्मचा शेवट खिडकीपाशी होतो, तिथे वाचणारी माणसं दाखवायची होती, आणि ती मला दुकानातल्या पुतळ्यांसारखी ताठ नको होती. दोन तास मी नुसती बघत बसले. तिथे रोज येणारी म्हातारी माणसं टेबलाकडे तोंड करून बसतच नाहीत. खुर्ची खिडकीकडे फिरवतात, एक पाय खुर्चीच्या दांडीवर ठेवतात आणि पेपर उजेडात तिरका धरतात. मी सगळं वहीत काढून घेतलं. खूश होऊन परत आले.

जिन्यातच आवाज ऐकू आला. घरात कुणी पिठाची गिरणी लावली की काय, असं वाटलं. आत येऊन बघते तर माझ्या कॉम्प्युटरची एक बाजू उघडी, त्याच्यासमोर स्टुलावर आमचा टेबलफॅन फुल स्पीडवर, आणि मास्तर हात कमरेवर ठेवून उभा.

"बघ!" तो ओरडला. "पन्नासचे छत्तीस तास झाले!"

मी फ्रेम उघडून बघितल्या. मी जाईपर्यंतच्या दोन तासांच्या ठीक होत्या. पुढच्या सगळ्यांत आकाशभर पांढरे ठिपके आणि मध्येच काळे चौकोन. मशीनला झेपत नसलं की ते असं काहीतरी चुकीचं रंगवून मोकळं होतं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

त्याने वाकून बघितलं. "चांदण्या असतील."

"भर दुपारचं आकाश आहे ते! अरे, भर दुपारचं!"

"मग थोडा वेग कमी करू," म्हणून त्याने माउसला हात लावला, आणि आतून फट् असा आवाज आला. पडदा काळा. टेबलफॅन तेवढा इमानाने फिरत राहिला आणि त्याच्या वाऱ्यावर जळका वास घरभर पसरला.

तयार डब्यात सगळं मोजून दिलेलं असतं. वीज पुरवणारा भागसुद्धा जेमतेम तेवढ्यापुरता. ठरल्या वेगाने तो दहा वर्षं चालला असता, मास्तरच्या वेगाने तीन तास चालला. मी सर्व्हिस सेंटरला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "बॉक्स उघडला होता का?" मास्तर समोरून हातवारे करून नाही म्हण, नाही म्हण, असं सांगत होता. डब्यावरचं वॉरंटीचं स्टिकर मधोमध फाटून त्याच्याच बोटाला चिकटलेलं होतं. मी खरं सांगितलं. बाई म्हणाल्या, मंगळवारी माणूस येईल.

मी डोक्याला हात लावून बसले. इंटरनेटवर भाड्याने मशीन मिळतात, पण आमच्या घरच्या कनेक्शनवर फायली चढायलाच तीन दिवस लागले असते. मास्तरने पाणी आणून दिलं. म्हणाला, "चुकलं माझं. पण छत्तीस तास झाले होते, हे तर तू मान्य करशील?" तो ग्लास मी त्याच्या अंगावर ओतला नाही, एवढाच काय तो माझा संयम.

शेवटी धाकट्या भावाला फोन केला. मला तो करायचा नव्हता. का, ते सांगते.

माझा भाऊ चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो. दिवसभर लोकांना भिंतीवरच्या तक्त्यातली खालची ओळ वाचायला लावतो, आणि संध्याकाळी घरी कॉम्प्युटर असेंबल करतो. सुटे भाग आणून स्वतः जोडलेलं तेच खरं मशीन, बाकी सगळे डबे, असं त्याचं ठाम मत. नोकरी सोडली तेव्हा तो मला म्हणाला होता, "ताई, तुझं मशीन मी बांधणार. दुकानातला डबा घेतलास तर माझ्याशी बोलू नकोस." भागांची यादी केली. दुसऱ्या आठवड्यात यादी बदलली, कारण आणखी चांगलं काहीतरी येणार होतं. तिसऱ्या आठवड्यात ते आलं, पण मग त्याच्याहून चांगलं येणार होतं. दीड महिना मी वाट बघितली. शेवटी कंटाळून एका दुपारी दुकानात गेले आणि दिसला तो डबा उचलून आणला. तेव्हापासून भाऊसाहेब फुगून बसले होते.

फोनवर मी सगळं सांगितलं. पलीकडून इतक्या आनंदाने आवाज आला, जणू बहिणीला लॉटरीच लागली, "मी सांगितलं होतं की नाही!"

शनिवारी सकाळी तो सहा खोकी घेऊन आला. एका भागाची वाट बघत पडलेलं सगळं सामान होतं, आता ज्याच्याकडून मिळेल त्याच्याकडून तो भाग त्याने आणला होता. आमच्या जेवायच्या टेबलावर चादर अंथरली, चष्म्याचे छोटे स्क्रूड्रायव्हर ओळीने मांडले. खोक्यांतली माहितीपत्रकं काढून न बघताच बाजूला टाकली.

"ती वाचायची नसतात का?" मी विचारलं.

"ताई," तो म्हणाला, "ती तुझ्यासारख्यांसाठी असतात."

दुपारी तीनला मशीन तयार झालं. मान्य करते, दिसायला देखणं होतं. सुरू झालं. मी रेंडर लावलं. आठव्या मिनिटाला पंखे किंचाळायला लागले, तापमान शंभरावर गेलं आणि मशीन आपोआप बंद पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा आठ मिनिटं.

आणि मग सुरू झालं त्या दोघांचं.

"भाऊजी, तुमच्या खोलीत हवाच खेळत नाही."

"खोलीत? मेहुणे, माझा डबा याच खोलीत तीन तास पळाला. तुमचं हे आठ मिनिटंही चालेना."

"पळाला आणि मेला!"

"पळाला तर खरा!"

भावाने पंखे उलटे लावून बघितले. सॉफ्टवेअर बदललं. मग माझ्या फाइलवर आला, "तू एवढं जड का बनवतेस पण?" मास्तरने टेबलफॅन पुन्हा आणला. मध्येच दोघांचं कशावरून तरी जमलं आणि ते मलाच समजावायला लागले की प्रोसेसर म्हणजे काय. मला जमीन फाटून या दोघांना पोटात घेईल तर बरं, असं वाटायला लागलं.

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. बातमी कुठून लागली देव जाणे. "या," म्हणाले, "ऑफिस उघडं आहे."

मी गेले. लाज गिळून गेले. खिडकीखाली ओळीने तेच सहा कॉम्प्युटर होते, दुकानातून एका दिवशी आणलेले, कधीही न उघडलेले. त्यांच्यावर धूळ होती, स्टिकरं जागच्या जागी होती आणि सहाच्या सहा शांतपणे चालत होते. माझी खुर्ची खरोखर रिकामी होती. उशीसुद्धा माझीच होती.

"तीन मशीन देतो," साहेब म्हणाले. "उद्या सकाळी दहाला लावलंत तर सोमवारी सकाळी पूर्ण चार मिनिटं हातात. पैसे नकोत मला. फक्त शेवटी कोपऱ्यात नेहमीचं नाव. मशीन आमचं म्हटल्यावर तेवढं तर आलंच, नाही का? दहापर्यंत कळवा, नाहीतर मशीन दुसऱ्या कामाला लागतील."

राग यावा असं ते काहीच बोलले नव्हते. म्हणून जास्तच राग आला. घरी चालत आले आणि सबंध रस्ताभर मी मनात हो म्हणत होते. हो म्हणण्यावाचून दुसरं काही दिसतच नव्हतं. चार मिनिटं दाखवायची होती आणि माझ्याकडे दाखवायला दुपारच्या चांदण्या होत्या.

रविवारी सकाळी आठला दोघे मोठा पंखा आणायला बाहेर पडले. "मोठा लावला की प्रश्न मिटला," यावर दोघांचं एकमत झालं होतं, आणि तिथेच मला धडकी भरली. घरात मी एकटी. टेबलावर ते उघडं मशीन. फोन हातात धरून मी दहा वाजायची वाट बघत बसले होते.

चहाचा कप ठेवायला काहीतरी हवं म्हणून खालचं एक पत्रक उचललं. त्यात अक्षरं नव्हतीच, नुसती चित्रं होती. प्रोसेसरच्या डोक्यावर उष्णता ओढून घेणारा जो धातूचा ठोकळा बसवतात, त्याची. पहिल्या चित्रात स्क्रू. दुसऱ्यात उष्णता वाहून नेणारी पेस्ट. तिसऱ्यात एक हात ठोकळ्याच्या तळावरून काहीतरी सोलून काढत होता, त्याच्याभोवती मोठं लाल वर्तुळ. ते चित्र मी दोनदा बघितलं.

मग भावाचा स्क्रूड्रायव्हर घेतला. मशीनची तार काढली, चार स्क्रू काढले, ठोकळा हलवत हलवत उचलला आणि उलटा केला. तळाला राखाडी पेस्ट फासलेली होती. कागदी रुमालाने पुसली. खाली प्लास्टिकचा पातळ पारदर्शक पापुद्रा होता, जसाच्या तसा चिकटलेला, आणि त्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, "बसवण्यापूर्वी काढा."

दिवसभर लोकांचे डोळे तपासतो! मी एकटीच त्या खोलीत मोठ्याने ओरडले. शेजारच्या काकूंनी दार वाजवून सगळं ठीक आहे ना, विचारलं.

पापुद्रा सोलला. पेस्ट पुन्हा लावली, चित्रात होती तेवढीच. स्क्रू घट्ट केले. बटण दाबताना देवाचं नाव घेतलं. आठ मिनिटं झाली, पंधरा झाली. तापमान बासष्टवर येऊन थांबलं ते थांबलंच.

साडेनऊ झाले होते. पडद्यावर आकडा आला, पूर्ण फिल्मला चव्वेचाळीस तास. माझ्याकडे होते चोवीस. या दोघांनी माझा वेळ वाचवता वाचवता दोन दिवस खाल्ले होते.

म्हणजे साहेबांकडे चार मिनिटं, त्यांच्या नावाची. इथे दोन मिनिटं, माझ्या नावाची. मी पुन्हा सगळी फिल्म बघितली. पहिली दोन मिनिटं आकाशातून दिसणारी इमारत, कारंजं, पायऱ्या, उडणारे पक्षी. साहेबांकडे शिकलेलं सगळं. शुक्रवारच्या बऱ्या निघालेल्या फ्रेम त्यातल्याच होत्या. दुसरी दोन मिनिटं आत. दार उघडतं, कपाटं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत सरकत जाणारं ऊन, आणि खिडकीपाशी खुर्ची फिरवून बसलेली माणसं, जी मी शनिवारी रात्री जुन्या लॅपटॉपवर वहीवरून करून ठेवली होती.

पहिली दोन मिनिटं मी पुसून टाकली. शेवटी कोपऱ्यात माझं नाव टाकलं. रेंडर लावलं आणि साहेबांना फोन केला. "नको," म्हटलं. "खुर्चीवर बसवा आता कुणाला तरी."

दोघे परत आले तेव्हा मी दारात खुर्ची आडवी टाकून बसले होते. भावाच्या हातात परातीएवढा पंखा होता. मी तो पापुद्रा त्याच्या डोळ्यांसमोर धरला. "खालची ओळ वाच," म्हटलं. त्याने वाचली. त्याचा चेहरा असा पडला की मास्तरलाही हसायचा धीर झाला नाही.

पाच मिनिटंही गेली नसतील. मास्तर खाकरला. "अगं, आता तापमान इतकं छान आहे, तर पाच टक्के वाढवूया का? फक्त पाच. म्हणजे थोडी जास्त फिल्म..."

"मास्तर," मी म्हटलं, "आज ब्रेक माझ्या पायाशी आहे. निघायचं."

दोघेही निघाले. रात्री मी मशीनला पाठ लावून तिथेच झोपले.

सोमवारी समितीत सात जण होते. मधोमध अध्यक्षबाई, सत्तरीच्या, जाड भिंगांचा चष्मा. दोन मिनिटं संपली.

"एवढीच?" एक गृहस्थ म्हणाले. "बाहेरून इमारत कशी दिसणार, ते दाखवलं नाहीत?"

"केलं होतं," मी म्हटलं. "मशीन बिघडलं. निम्मंच दाखवता येणार होतं, म्हणून आतलं दाखवलं."

अध्यक्षबाई पडद्याकडेच बघत होत्या. "ते खिडकीपाशी बसलेत ना, पाय दांडीवर ठेवून," त्या म्हणाल्या, "आमच्याकडे अस्सेच बसतात सगळे. मीसुद्धा. खुर्च्या फिरवू नका म्हणून पाटी लावली होती, तरी बसतात." मग त्या उठल्या. चष्मा कपाळावर सरकवला, पडद्याला नाक लागेल इतक्या जवळ गेल्या आणि कोपऱ्याकडे बघत राहिल्या.

"हे खाली काय लिहिलंय हो? काही वाचता येत नाही."

मी बघितलं. माझं नाव होतं. पांढऱ्या भिंतीवर फिक्या राखाडी रंगात, मुंगीएवढं. ज्याच्यासाठी नोकरी सोडली, दोन मिनिटं पुसली, साहेबांना नको म्हटलं, ते मी माझ्या हाताने इतकं बारीक लिहिलं होतं. मला कुणीही सांगितलं नव्हतं. साहेब तिथे नव्हते. मास्तर नव्हता, भाऊ नव्हता. त्या दोघांवर तीन दिवस ओरडून झालं होतं आणि आता ओरडायला माझ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं.

"नाव आहे," मी म्हटलं. "माझं."

"मग मोठं करा की. वर्षभर सगळ्या कागदांवर लिहावं लागणार आम्हाला." त्यांनी पेन उघडलं. "सांगा, काय लिहू?"

मी सांगितलं. अगदी हळू.

"ऐकू नाही आलं," अध्यक्षबाई म्हणाल्या.

मग मी खुर्ची मागे सारून उभी राहिले आणि माझं नाव मोठ्याने सांगितलं.